पोटाखालचं वजन

प्रिय कर्टिस,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, आणि चारही गाडीबद्दल. ब्रॉडी रविवारी भेटायला येतोय का, हे तू विचारलं नाहीस. विचारायचा धीर झाला नसेल. त्यावर येतो, पण आधी पोरांच्या शर्यतीतल्या त्या वीतभर लाकडी गाडीचं. गाडी धडधाकट आहे, एक चाकसुद्धा हललेलं नाही. आणि शहाण्या, वजन पोटाखाली कोण चिकटवतं? सगळं गाव लाकूड कोरून शिसं आत बसवतं. उताराच्या शेवटी रबराची जाड पट्टी असते, गाडी तिच्यावर पोटाने चढते, चाकं अधांतरी होतात आणि ती आपसूक थांबते. लहानपणापासून बघत आलास ना हे? तुझ्या गाडीचं पोट तिथेच सोलून निघालं असतं. मोठा भाऊ म्हणून एवढं बोलून घेतो. कोर्टाची तारीख तोंडावर आली होती आणि जायच्या आधी पोरासाठी गाडी पुरी करायची होती, हे मला माहीत आहे.

मग ब्रॉडीची गाडी उतारावर ज्या रांगेत धावणार होती, तेवढ्या एका रांगेतली पट्टी मी उखडली आणि तिच्या जागी आईची जुनी गोधडी घातली. गोधडी ताठ बसली तर गाडी उसळून मागे येते. पुढची घडी सैल ठेवायची, मागची घट्ट. शर्यतीला चर्चच्या तळघरात नेहमीचीच मंडळी होती, चिलीच्या रश्शाचा आणि दालचिनीच्या रोलचा तोच वास होता. मी गुडघे टेकून घड्या घालत होतो, तर बड हॅन्सन म्हणतो, "काय रे वर्लन, गाड्यांना झोपवतोस की काय? अंगाईपण म्हण!" मी म्हटलं, तुझ्या नातवाची येऊ दे खाली, तिला थोपटतोच. सगळे हसले. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

ब्रॉडी नाही हसला. उंच झालाय तुझा मुलगा, कान मात्र तुझेच आहेत. गाड्या वजनाला लावल्या तेव्हा एका कार्ट्याने सगळ्यांदेखत विचारलं, "ही तुझ्या बापाने तुरुंगात बनवली का रे?" ब्रॉडी माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "काका, माझ्या गाडीला ती गोधडी नको." मी म्हटलं, अरे, तुटेल ती. तर म्हणाला, "तुटू दे ना. आपटू दे भिंतीवर." मी रागावलो नाही, समजावलंही नाही. गोधडी तशीच ठेवली. तुझी गाडी सगळ्यांच्या पुढे आली, घडीत शिरली आणि थांबली. पहिली आली, कर्टिस. टाळ्या पडल्या. ब्रॉडी बक्षीस घ्यायला गेला, पण गाडी न्यायला आलाच नाही. शेवटी मीच उचलली आणि कोटाच्या खिशात घातली.

आता रविवारचं. ट्रिशा ग्लेनशी लग्न करतेय. त्याला तिकडे लांब ओरेगनमध्ये नोकरी लागलीय, शाळेचं वर्ष संपलं की ती दोघं ब्रॉडीला घेऊन निघतील. माणूस वाईट असता तर तुझ्याबरोबर बसून त्याला शिव्या दिल्या असत्या, पण तो चांगला आहे. शर्यतीनंतर मी ब्रॉडीला घरी सोडत होतो, तेव्हा पोरगा मला म्हणाला, "बाबांना सांग, मी यापुढे तिकडे येणार नाही." का म्हणून सांगू, असं विचारलं. "का ते नको सांगू. नुसतं सांग." निदान एकदा, निरोप घ्यायला तरी चल म्हटलं. आई म्हणून ट्रिशानेही खूप विनवलं. नाहीच म्हणाला, आणि रडलासुद्धा नाही. म्हणून हे पत्र. भेटीच्या वेळी मला एकट्याला पाहून तुला कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. रविवारी सकाळपासून दाढी करून बसू नकोस. मी येईन, नेहमीसारखा. पण माझ्या मागे दाराकडे बघू नकोस रे. मी एकटाच असेन.

तुझाच,
वर्लन