निशिगंधाने घेतलेली लस

आई, मी रोह्याला चाललोय, निशिगंधाला माहेरनं आणायला. काल तू तिला बोललीस, "पाळणा लांबवायचं इंजेक्शन घेऊन आलीस." म्हणून ती गेली.

गो आई, ती रुबेलाची लस होती. पुढं पोर राहील तेव्हा त्याला पोटात त्रास नको म्हणून डॉक्टरीणबाईंनीच दिली. लस घेतल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात, म्हणून मूल व्हायची ट्रीटमेंट तेवढी थांबलीय. बंद नाय झाली.

ती फोन उचलत नाय. मला लय भीती वाटतेय. जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यात कळव, आज मूर्तींचे डोळे दुसऱ्याला आखायला द्या, मी कामाला येत नाय.

ती आली तर लसीचं काढू नको. नुसतं "जेवलीस काय गो?" विचार. तुझ्याकडनं तेवढं ऐकलं तरी ती राहील.

सुशील