नदीपलीकडं दादा उभे आहेत

प्रिय अक्का,

तुझं तेरावं झालं. गारखेड्याच्या या घरातून पाहुणे गेले. मला अजून रडू आलेलं नाही. काल नातीनं विचारलं, "अक्काआजी लहानपणी कशी होती गं?" मी म्हटलं, "चांगली होती." एवढ्यानं काय कळणार तिला? म्हणून तुलाच लिहायला बसले.

तू चौदाची होतीस, मी सहाची. निजामाच्या राज्याचे शेवटचे महिने. गोदाकाठच्या, निजामाच्या हद्दीवरच्या आपल्या गावात हत्यारबंद माणसं शिरली. झेंडा लावणाऱ्यांच्या घरच्यांनी दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं, अशी दवंडी दिली. शाळेवर तिरंगा आपल्या वडिलांनीच, दादांनीच लावला होता. ते आदल्या दिवशी लासूर स्टेशनला गेले होते, परतले नव्हते.

आई दारात बसून राहिली. "तुमचे दादा घरी आल्याबिगर मी हलायची नाय."

तेवढ्यात मागच्या दारानं शेजारचे दर्जीचाचा आले. मी तुझा हात धरून उभी होते, म्हणून मलाही ऐकू आलं. "बेटी, अब्बा को मत ढूंढो अब. रस्ते में मार दिये उनको. अम्मा को लेके नदी पार निकल जाओ."

तू काय केलंस? तोंडावर पाणी मारलंस, परकराला पुसलंस. मला म्हणालीस, "तू गप ऱ्हायचं." मग आईपुढं जाऊन सांगितलंस, "दादांचा निरोप आलाय. नदीपलीकडं उभे हायेत. पोरं घेऊन या म्हणाले."

आई लगेच उठली.

भाऊ तेव्हा तान्हा. त्याला तू कडेवर घेतलंस. नावेत आईनं ओल्या हातानं केस सारखे केले. विचारलं, "त्यांनी काही खाल्लं असंल का गं?"

"खाल्लं असंल," तू म्हणालीस. तुझा आवाज हललासुद्धा नाही. कसं जमलं तुला?

पलीकडं उतरल्यावर आईनं सगळा काठ नजरेनं धुंडाळला. मग तू खरं सांगितलंस. तिनं तुझ्या थोबाडीत मारली. तू भाऊला तेवढं दुसऱ्या कडेवर घेतलंस आणि निर्वासितांच्या छावणीच्या वाटेला लागलीस.

छावणीत आई तुझ्याशी बोलली नाही. पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आपण गावी आलो. घराची राख झालेली. दवंडीला न जुमानता मागं राहिलेल्या घरांतलं कुणीच उरलं नव्हतं. आई त्या रिकाम्या आळीत बराच वेळ उभी राहिली. संध्याकाळी तीन दगडांच्या चुलीवर भाकरी केली, पहिली तुझ्यापुढं ठेवली. "खा," म्हणाली. एवढंच.

दादांसाठी तू कधी रडलीस, अक्का? मी तरी पाहिलं नाही. विचारलं की म्हणायचीस, "जाऊ दे." सगळंच जाऊ देता येतं का गं? माझ्याजवळ तरी बोलायचं होतंस. मी होते की तिथं.

रविवारी मुकुंदवाडीला भाऊकडं जाणार आहे. त्याला वाटतं, आईनंच सगळ्यांना बाहेर काढलं. तू ते कधी खोडलं नाहीस. आता मी खोडणार. तो कुणाच्या कडेवर बसून नदी पार झाला, हे त्याला माझ्या तोंडून कळेल. तू रागावलीस तरी.

तुझी,
शकू