देशमाने काकांची कोंबडी

३ नोव्हेंबर, सोमवार
काल सौंदडला माहेरी. मंडईची जत्रा होती. दंडारीचा नाच-सोंगांचा खेळ अर्धाच पाहिला, वहिनीच्या अंगणातच जास्त रमले. शेवंतावहिनीकडे एक तांबडी कोंबडी आहे, मानेवर एक पीस नाही. कोणी वस्तऱ्यानं भादरल्यासारखी. फोटो काढला आणि येताना गाडीतूनच 'अंगणातली कोंबडी' ग्रुपवर टाकला. गोंदियाजवळ फुलचूरला, आमच्या घरी, उतरेपर्यंत नुसता गलका! नाशिक, कोल्हापूर, रत्नागिरी, सगळे विचारतायत, जात कोणती? वहिनीला फोन लावला.
"जात कायची व? कोंबडी हाय. अंडे देते."
हेच उत्तर ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं. गलका दुप्पट.

५ नोव्हेंबर, बुधवार
लग्नसराई तोंडावर. ब्लाउजांचा ढीग. मशीनवर बसायच्या आधी मोबाइल, मग दाणे, मग चहा. उलटं असायला पाहिजे.
देशमाने काकांनी लिहिलंय. पुण्याचे. ग्रुपचे आजोबाच म्हणायचे. कोणाची कोंबडी आजारी पडो, कोणाचं पिल्लू लंगडो, पहिलं उत्तर त्यांचं. माझ्या कोंबड्याचा पाय त्यांच्या सांगण्यानंच सरळ झाला. आज लिहितात, "वनिताताई, हिचे फोटो कमी काढा, हिची पिल्लं जास्त काढा. अशी कोंबडी आता दिसत नाही."
त्यावरून डोक्यात आलं. वहिनीचं बायकांचं कोंबडी मंडळ आहेच. तिकडं तिरोड्याच्या अंगाला बोदलकशात बिसेनभाऊंचं मंडळ. एकाच जिल्ह्यात राहून एकमेकांना ओळखत नाहीत. दोघांनाही ग्रुपात घेतलं तर? ग्रुप चालवणाऱ्या बाईंना विचारलं. "आणा की सगळ्यांना!"
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "पहले अपने मुर्गे को तो चुप कराओ. पडोसवाली मिश्राभाभी फिर बोल रही थी."

९ नोव्हेंबर, रविवार
बोदलकसा. ह्यांच्या स्कूटरवर. तलाव काठोकाठ भरलेला, धान कापणीला आलेलं, वारा गार. बिसेनभाऊ ह्यांचे जुने दोस्त, असील जातीचे झुंजार कोंबडे पाळतात. बोलणं त्यांच्या कोंबड्यासारखंच, सरळ अंगावर.
"पुण्या-मुंबईचे लोक आमाले कायले शिकवून राहिले?"
"शिकवत नाहीत भाऊ, विचारतात."
"असं का? मंग विचारू द्या." लगेच मोबाइल माझ्या हातात दिला. "टाका मले त्याच्यात."
झिंग्यांचा रस्सा आणि भात. हे तीनदा वाढून घेऊन जेवले. येताना स्कूटरवर गाणं म्हणत होते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
ग्रुप ओसंडतोय. वहिनी टायपिंग करत नाही, बोलूनच पाठवते. मागं बैल, भांडी, भाऊ, सगळं ऐकू येतं. लोकांना तेच आवडतं. कोल्हापूरच्या एका ताईनं विचारलं, "काऊन म्हणजे काय हो?" बिसेनभाऊंनी साध्या 'का'साठी एवढं मोठं उत्तर लिहिलं आणि शेवटी, "समजलं का? नाही समजलं तर काऊन नाही समजलं ते सांगा."
गंमत म्हणजे मुंगसापासून खुराडं कसं वाचवायचं यावर सौंदड आणि बोदलकसा तासभर बोलत होते. मध्ये पुणं, मुंबई कोणी नाही. मी नुसती वाचत बसले. काजं-बटणं राहून गेली.

१७ नोव्हेंबर, सोमवार
वाईट दिवस. वहिनीच्या एका पांढऱ्या कोंबडीची मान वाकडी झाली, गोल गोल फिरतेय. वहिनीनं ग्रुपवर सांगितलं की हळद-लसूण चारून राहिली. देशमाने काकांचं उत्तर आलं, एरवीसारखं नाही. "हळद बंद. ही मानमोडी आहे. तिला आत्ता वेगळी करा. आज डॉक्टर बोलवा. बाकीच्यांना लस दिली नसेल तर हा निष्काळजीपणा आहे."
निष्काळजीपणा हा शब्द नको होता.
वहिनीनं मला फोन केला. आवाज चिरका. "म्या काय मूर्ख हाओ का व? सकाळीच वेगळी केली ना म्या! दवाखान्यात फोन लावला. हा कोन होय मले बोलनारा? सगळे आपल्या कोंबड्या दाखवतेत, यानं कधी दाखवली का?"
खरंच, कधी दाखवली नाही. मला कधी सुचलंच नाही विचारायचं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
बिसेनभाऊंनी ग्रुपवरच टाकलं, "काका, शेवंताबाईले बोलाच्या आधी तुमची एक तरी कोंबडी दाखवा." खाली लोकांचे हसरे चेहरे.
दुपारपर्यंत उत्तर नाही. मग एक ओळ, 'देशमाने ग्रुपमधून बाहेर पडले.'
शिवण दोनदा उसवली. ज्यांना मीच आणलं त्यांनी ज्यांना मी मानते त्यांना...

२० नोव्हेंबर, गुरुवार
सौंदडला डॉक्टर येऊन गेले. धडधाकट कोंबड्यांना थेंबाची लस दिली. वहिनीच्या आळीत बऱ्याच मेल्या. पांढरी गेलीच. तांबडी मात्र नुसती दाणे टिपत फिरतेय. वहिनी म्हणाली, "तुमचा तो काका बरोबरच सांगून राहिला होता. पन बोलनं बरोबर नोहोतं." हे वहिनीचं. दोन्ही एका दमात सांगते.
काकांना फोन केला. पहिल्यांदाच आवाज ऐकला. एवढ्या दिवसांत कधी बोललोच नव्हतो. मला वाटलं होतं आवाज भारदस्त असेल. बारीक आहे, जपून बोलतात.
"वनिताताई, माझ्याकडे कोंबडी नाहीच. पाचव्या मजल्यावर राहतो, मुलाकडे. गावाकडं भरपूर होत्या. ही गेली, मग घर विकलं, इकडं आलो. बाल्कनीत दोन ठेवल्या होत्या, सोसायटीनं नोटीस लावली. मुलाला माझ्यामुळं बोलणी बसली. देऊन टाकल्या."
मी म्हटलं, "काका, ग्रुपवर सांगायचं होतं ना."
"कोणी विचारलं नाही. आणि खरं सांगू, सांगितलं असतं तर कोणी मला विचारलंच नसतं."
फोनमध्ये त्यांच्याकडचं लिफ्टचं दार वाजलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "त्या बाईंची तांबडी वाचली का?"

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी मिश्राभाभी आल्या. "आपका मुर्गा तो अलार्म से भी पक्का है." रागावून नाही, पण हसूनही नाही. मी त्यांना अंडी दिली. आमच्या गल्लीत अजून अंड्यांवर भागतं. पुण्यात नोटीस लागते.
काकांनी सांगितलंय, "सगळ्यांना सांगून टाका, मला आता लपवायचं नाही." पण ग्रुपवर नाही लिहिणार. समोर बसून सांगेन.

७ डिसेंबर, रविवार
दोन्ही मंडळं पहिल्यांदा एकत्र. बोदलकशात, बिसेनभाऊंच्या अंगणात. सौंदडहून वहिनी आणि चार-पाच बाया, गाडी करून. कोंबडी कोणी आणायची नाही असं आधीच ठरलं होतं. बिसेनभाऊंनी फाटकापाशीच चुना टाकून ठेवला होता, "चपला इथं काढा, पाय धुवा. तुमच्या गावची बिमारी आमाले नको." वहिनी म्हणाली, "आमाले तुमची जबान नको, ते पन काढून ठेवा." झालं, दोघांची गट्टी जमली.
जेवण झाल्यावर सांगितलं. काकांचं सगळं. बाल्कनी, नोटीस.
तलावाकडून पाणकोंबड्यांचा आवाज येत होता. बिसेनभाऊ जमिनीकडं पाहत होते. "मंग असं सांगाचं ना. कायले लपवून राहिले होते?" मग जरा वेळानं, स्वतःशीच, "म्या सगळ्याईच्या समोर बोललो बाप्पा."
वहिनी पदरानं हात पुसत म्हणाली, "माह्यी तांबडी खुडूक बसली हाय. तिचे दोन-चार अंडे हायत, बाकीचे भाऊ, तुमच्या कोंबड्याईचे द्या, माह्या आळीत तं आता कोंबड्याच नाही राहिल्या. बसवतो तिच्याखाली. आन ते तांबडी आता त्या काकाची. आपून फक्त दाने टाकाचे."
बिसेनभाऊंनी अंडी टोपलीत, कोंड्यात नीट ठेवून दिली. परत येईस्तोवर वहिनीनं टोपली मांडीवरून खाली ठेवली नाही.

९ डिसेंबर, मंगळवार
बिसेनभाऊंनी स्वतः काकांना फोन केला. काय बोलले कोण जाणे, विचारलं तर म्हणाले, "आमचं आमचं." संध्याकाळी काका ग्रुपात परत. लिहिलं, "नमस्कार. माझ्याकडे कोंबडी नव्हती. आजपासून सौंदडला एक आहे. शेवंताबाई सांभाळतात. चुकीचं बोललो होतो, त्यांनी मनावर घेऊ नये."
वहिनीचं उत्तर, बोलून, "मनावर घेतलं होतं. आता सोडलं. तुमची कोंबडी मले चोच मारून राहिली, तिले समजावा."
ब्लाउज सगळे वेळेत दिले.

२९ डिसेंबर, सोमवार
तांबडीखालची पिल्लं निघाली. काही अंडी वाया गेली, पण बऱ्यापैकी. दोघांच्या माना उघड्या, तांबडीच्याच अंड्यांतली! वहिनीनं व्हिडिओ टाकला, नुसता किलबिलाट आणि तिचं हसू. काकांनी लिहिलं, "पुन्हा टाका." तिनं टाकला. "पुन्हा." असं चारदा.
नाशिकच्या एका मुलीनं लिहिलं, मी वर्षभर या ग्रुपवर आहे, रडले आज पहिल्यांदा. मी नाही रडले. डोळ्यात सुताचं काही गेलं होतं.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. तीळगूळ. मिश्राभाभींना पहिला. "मुर्गे को भी खिलाइए, मीठा बोलेगा."
काकांचा फोन. "वनिताताई, पुण्याहून गोंदियाला थेट गाडी आहे ना? मी येऊ का?"
मी आधी हो म्हटलं, मग घाबरले. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे धरलेले.

१६ जानेवारी, शुक्रवार
त्यांच्या सूनबाईंचा फोन. वाईट नाही बोलल्या. काळजीनं. तिकडं दवाखाना जवळ आहे का, कमोड आहे का, थंडी किती. खरं तेच सांगितलं. माझ्या घरी कमोड आहे. वहिनीकडं नाही, पण खुर्ची मधून कापून करता येते, भाऊ करेल. थंडी आहे. दवाखाना आहे.
मग म्हणाल्या, "खरं सांगू? ते घरात कधी इतकं बोलतच नाहीत. परवा जेवताना कोंबडीचं सांगत होते. मुलं ऐकत बसली." शेवटी, "आठवडाभरच हं. ह्यांना मी सांगते."

१ फेब्रुवारी, रविवार
आले. गाडीला उशीर. आम्ही दोघं गोंदिया स्टेशनवर. मी उंच माणूस शोधत होते, आणि समोर एक छोटेसे आजोबा, कानटोपी, हातात पिशवी, मलाच विचारतात, "वनिताताई कुठं भेटतील?"
ह्यांनी पिशवी घेतली. "काका, हमारे यहाँ मुर्गा सुबह चार बजे उठाता है." काका म्हणाले, "तेव्हाच तर झोप उडते माझी. तिकडं नुसता पडून असतो."

२ फेब्रुवारी, सोमवार
काकांना सौंदडला सोडून आले. स्टेशनवर भाऊ गाडी घेऊन. अंगणात वहिनीनं सडा घातलेला, मंडळातल्या बाया जमलेल्या, बिसेनभाऊ बोदलकशाहून सकाळीच येऊन बसलेले. काका फाटकापाशी थांबले, चपला काढल्या, पाय धुवायला पाणी मागितलं. बिसेनभाऊंनी स्वतः तांब्या धरला.
तांबडी पिल्लं घेऊन धानाच्या तणसाच्या ढिगाशी उकरत होती. काकांकडं ढुंकूनही पाहिलं नाही तिनं. ते तसेच उभे.
"उभेच काऊन राहिले? बसा ना!" वहिनी.
बसले. दुपारी मी निघाले तेव्हाही काका तिथंच बसलेले, जेवणातल्या लाखोळीच्या डाळीचा हात तसाच, धुवायचा राहिलेला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
रोज सौंदडहून बातम्या. काकांनी खुराड्याचं दार उंच करवून घेतलं. वहिनीशी वाद, पिल्लांना कणी कधी द्यायची यावरून, वहिनी जिंकली. मग पाण्याचं भांडं कुठं ठेवायचं यावरून, काका जिंकले. बोदलकशाची मंडळी पुढच्या रविवारी सौंदडला यायचं म्हणतायत. कोल्हापूरची ताई विचारते, आम्हीही येऊ का? वहिनी म्हणते, "येजा. चटया घेऊन येजा."

८ फेब्रुवारी, रविवार
परतीची गाडी उद्याची. काकांना आज संध्याकाळी इकडं आणायचं होतं. दुपारी त्यांच्या मुलाचा फोन. "ताई, बाबा फोन उचलत नाहीत. निघाले ना?"
वहिनीला लावला. "फोन चार्जिंगले लावून ठेवला, अन् हा मानूस तिकडं खुराड्यापाशी बसून हाय. सकाळी मले इचारून राहिला, गोठ्याजवळची खोली रिकामीच राहते का म्हून."
"तू काय म्हणालीस?"
"म्या म्हटलं, रिकामी हाय, पन पाखरं घान करतेत. तं म्हने, झाडून घेऊ. काय करू व? त्याले हाक मारू का?"
मागं तांबडीचा कुकचुक आवाज, आणि काकांचा, तिला काहीतरी समजावताना.
मुलाला सांगितलं, थोड्या वेळानं कळवते. अजून कळवलं नाही.