चिठ्ठीवरचे शिक्के

पार्सिपनी, मंगळवार, १४ ऑक्टोबर २००३

लायब्ररीत आज स्वीडनच्या त्या गायिकेची सीडी विक्रीच्या खोक्यात दिसली. ह्यांची आवडती. काउंटरवरची बाई म्हणाली, वर्षभर कुणी नेली नाही की काढून टाकतो. तिच्याच वयाच्या अमेरिकन गायिकांना वेटिंग लिस्ट आहे म्हणे. असेल.

आतली चिठ्ठी पाहिली. परतीच्या तारखांचे सगळे शिक्के ह्यांचेच, शेवटचा ॲडमिट होण्याआधीचा. नंतर मी पुस्तकं नेत राहिले, पण सीडींच्या कपाटाकडे फिरकले नाही. मग लोकांना काय बोलायचं?

संध्याकाळी फोनवर ऋता म्हणाली, "आई, विकतच घ्यायचीस ना. तशीही इथे तिला कोण ऐकतं?"

"तुझे बाबा ऐकायचे."

मला तोडून बोलायचं नव्हतं.

विकत घेतली असती तर ती आमच्याच घरात पडून राहिली असती. ह्यांना तर वाटायचं, आणखी कुणीतरी हिला ऐकावं. म्हणून मी ती खोक्यातून काढून कार्डासकट काउंटरवर ठेवली. बाई हसली, पण शिक्का मारला.

आता दर तीन आठवड्यांनी आणायची, ऐकायची, कपाटात परत पाठवायची. ह्यांच्या शेवटच्या शिक्क्याखाली चार नोव्हेंबर आलाय. चिठ्ठीवर अजून भरपूर जागा आहे.