दादाचे बत्तीस बार

प्रिय दादा,

तीन दिवस सॅक्सोफोन पेटीतून बाहेर काढलेला नाही. खोलीत नुसत्या येरझारा चालल्यात. खालच्या शिवणकामवाल्या बाई एरवी झाडूच्या दांड्याने छत बडवतात, काल त्याच वर आल्या, "वाजवत नाहीस, बरं आहे ना?" काय सांगणार, कपाळ!

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू मला एकेक कॉर्ड, तीन-चार सुरांची जुडी, उलगडून दाखवायचास, आठवतं? प्रत्येकीखाली पेन्सिलीने आकडा. दोन म्हणजे घराकडे वळलो, पाच म्हणजे दाराशी खोळंबलो, एक म्हणजे आत येऊन टेकलो. चार ठोक्यांचा एक बार, असे बत्तीस बार झाले की गाण्याचा एक फेरा; एवढी वाट कळली की मध्ये हवं तसं भटक, म्हणायचास. आणि आई ओरडायची, "बत्तीस बार काय रे? पोरीला गुत्ते दाखवतोस की काय!" मग बाबा अंथरुणाला खिळले, तू वाद्य विकून छापखान्यात लागलास. माझे धडे मात्र एक दिवस चुकू दिले नाहीस.

रविवारी दुपारच्या कार्यक्रमात आमच्या बँडप्रमुखाने, म्हणजे म्हाताऱ्याने, मला पहिल्यांदा सोलो दिला, ऐनवेळी सुचेल ते एकटीने वाजवायला. गाणं तुझं आवडतं. आठवडाभर मी त्याची चिरफाड केली. कुठल्या कॉर्डवर कुठला स्वर खुपेल, सगळं तोंडपाठ. पण उभी राहिले आणि डोकं कोरं. आकडे दिसत होते, सूर एकही सुचेना. पियानोवाला टकमक बघायला लागला. तेवढ्यात बोटं आपोआप चालू लागली. लोक उभे राहिले. म्हाताऱ्याने पाठ थोपटली, "हे शिकवून येत नाही, हे तुझं." मी नुसती हसले. येत्या शुक्रवारी तोच सोलो माझ्या नावावर ध्वनिमुद्रित करायचं ठरलं.

दादा, तो सोलो तुझा होता. तुझ्या जुन्या कॅसेटवरचा, बत्तीसच्या बत्तीस बार, तू जिथे श्वास घेतलास तिथल्या श्वासासकट. एकोणतिसाव्या बारला सगळे घरात शिरतात, तू मुद्दाम बाहेर रेंगाळतोस, तेसुद्धा चोरलं मी. आज सकाळी म्हाताऱ्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, "तुझं तू शोध. आणि भावाला विचार, शुक्रवारी येतो का वाजवायला?" माझी जागा राहते की जाते, देव जाणे. पण तू ये, वाद्य माझं घे. रागाव, दोन थोबाडीत दे, चालेल. फक्त 'जाऊ दे गं' म्हणू नकोस. वाद्य विकलंस तेव्हाही तेच म्हणाला होतास, आणि मी खरं मानलं होतं.

तुझीच,
धाकटी