सपाट जमीन

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ हा शब्द पत्राची रीत म्हणून लिहिलेला नाही, आणि तो वाचून तू सैलही होऊ नकोस. परक्या अधिकाऱ्यावर मी एक भाषण ठोकून मोकळी झाले असते. तुझ्यावर ठोकलं, तर तू माझा फोन उचलणंच बंद केलंस. म्हणून हा कागद. शेजारच्या दूधवाल्याची गाडी सकाळी तुझ्या कार्यालयावरून जाते. पाकीट तुझ्याच हातात द्यायचं, शिपायाच्या टेबलावर ठेवून यायचं नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. तुमच्याकडे टेबलावर ठेवलेल्या कागदाचं काय होतं ते आता आमच्या कोंबड्यांनाही कळलंय.

विषय बाबांच्या तळ्याचा आहे. ते राहणार की जाणार, एवढाच. बाकी जे लिहीन ते रागानं लिहीन, तेही वाच.

आधी एक साफ करते. तुमच्या कार्यालयाच्या फाटकासमोर मी जे बोलले त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही. मी तुझं नाव घेतलं नव्हतं. ‘आमच्याच घरात शिकून आमच्याच बापाला नियम शिकवणारा हुशार मुलगा’ एवढंच म्हटलं. लोक हसले, आणि खिडकीत उभा असलेला तू आत गेलास. तुझे साहेब मात्र तिथेच उभं राहून चहाचे घोट घेत ऐकत होते. त्यांचं काय जातंय? तळं त्यांच्या बापाचं नव्हतं.

तुमच्या तळ्याच्या योजनेतल्या ‘अनुदान’ या शब्दातलं ‘दान’ मला पहिल्यापासून खुपतं. कुणी दिलंय दान? बाबा साबणाची वडी घेतात तेव्हा कर भरतात, पंपात डिझेल घालतात तेव्हा भरतात, पायातली चप्पल तुटून नवी घेतली तरी भरतात. तोच पैसा राजधानीची सहल करून परत येतो, तेव्हा त्याच्या गळ्यात हार असतो आणि सोबत एक फलक असतो. मी जगाचा इतिहास थोडाफार वाचलाय. प्रजेकडून धान्य गोळा करून दुष्काळात तेच धान्य प्रजेला वाटणारे आणि त्याबद्दल स्वतःच्या नावाचे शिलालेख कोरून घेणारे राजे सगळ्या देशांत होऊन गेले. पण धान्य देण्याआधी ‘तू उपाशी असल्याचा पुरावा म्हणून शिजलेला भात चुलीत ओत’ असं म्हणणारा एकही मला त्या पुस्तकांत भेटला नाही. तो भेटायला मला आपल्याच घरात यावं लागलं.

चिडलास? चीड. मग आठव.

भाजीच्या वाफ्यांच्या खाली, उताराच्या टोकाला पाणी साचतं, हे बाबांनी आपण लहान असताना हेरून ठेवलं होतं. तिथेच आपण दोघं कागदाच्या होड्या सोडायचो, आणि तुझी होडी बुडली की तू माझी ओढून घ्यायचास. ‘इथे एक दिवस तळं होईल’ असं ते म्हणायचे आणि आई म्हणायची, आधी न्हाणीघराचं दार होऊ दे. दार झालं, तुझं शिक्षण झालं, माझ्या सभा आणि मोर्चे सुरू झाले, आणि मागच्या थंडीत बाबांनी कुणालाही न विचारता कुदळ उचलली. सकाळी भाजी गाडीत चढवून झाली की ते उताराला जायचे. कमरेइतका खड्डा झाला तेव्हा त्यांनी आईला बोलावून कडेला उभं केलं आणि विचारलं, ‘कसं आहे?’ आई म्हणाली, खड्डा आहे. त्यांना तेवढंही कौतुक पुरलं.

मग तू आलास. नवी सरकारी योजना घेऊन आलास, आणि मी मान्य करते, तुझे डोळे चमकत होते. मशीननं खणलेलं तळं, तळाला पाणी मुरू नये म्हणून जाड प्लास्टिक, भोवती कुंपण. बाबांना दुसऱ्यांदा कुदळ धरावी लागणार नाही, म्हणालास. फक्त एक अडचण होती. काम मंजुरीपूर्वी सुरू झालेलं नसावं. म्हणजे जो माणूस सरकारची वाट न बघता कामाला लागला, तो अपात्र. जो हात बांधून बसला, तो पात्र. मी तेव्हाच तोंड उघडलं होतं. तू म्हणालास, नियम मी केलेला नाही, ताई. आजोबांच्या काळातल्या विहिरी नव्या म्हणून दाखवून पैसे उचलणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी तो केलाय. खरं आहे. तसे लोक आहेत, मी त्यांच्यातल्या दोघांना व्यासपीठावरून खाली उतरवलंय. पण चोरासाठी लावलेला सापळा आपल्या बापाच्या पायात अडकला, तर सापळा काढायचा की पाय वाकडा करायचा? तू पाय वाकडा करायला सांगितलास. ‘बाबा, खड्डा बुजवा. वर गवत लावा. मी फोटो काढतो आणि लिहून देतो की जमीन सपाट आहे, काम सुरू नाही. मंजुरी आली की मशीन येईल.’

बाबांनी एकही प्रश्न विचारला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. बियाण्याच्या दुकानदाराला पुडी उलटीसुलटी करून हैराण करणारा माणूस. तू सांगितलंस म्हणून त्यांनी घमेलं उचललं. स्वतः वर काढलेली माती स्वतः खाली घातली. मी मदतीला गेले तर म्हणाले, तू भाषण कर, हे मला येतं. दूधवाला बांधावरून ओरडला, ‘काका, खजिना पुरताय का?’ बाबा हसून म्हणाले, सरकारला सरप्राइज द्यायचंय. त्यानंतर त्यांचा डावा खांदा वर जाईना. अजून जात नाही. सकाळी आई त्यांचे केस विंचरते आणि दोघंही बाहेर बघत बसतात, जणू ते दुसऱ्याच कुणाचं डोकं आहे. हे तुला फोनवर कुणी सांगितलं नसेल. ‘बरा आहे’ असं सांगितलं असेल.

गवत उगवलं. तू येऊन फोटो काढलास, सही केलीस, जेवून गेलास. आणि मग तुमचं ते सुरू झालं, जे मी प्रत्येक सभेत सांगते आणि लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावते. फाइल विचाराधीन आहे. फाइल वर गेली आहे. साहेब रजेवर आहेत. साहेब आले, पण शिक्का दुसऱ्या इमारतीत आहे. आर्थिक वर्ष संपलं म्हणून फाइल खाली आली, नव्या वर्षाची म्हणून पुन्हा वर गेली. मी स्वतः तिथे जाऊन बसले होते, त्या निळ्या खुर्च्यांच्या रांगेत, जिथे एका खुर्चीला पाठ नाही आणि सगळे नवखे नेमके तिच्यावर बसतात. तू जिन्यानं खाली आलास, मला बघितलंस आणि परत वर गेलास. मला वाटलं चहा सांगायला गेलास.

उन्हाळ्यात वाल गेला. काकडी गेली. बाबा रोज गवतावर पाणी मारत राहिले, कारण फोटोत गवत हिरवं होतं आणि कुणी बघायला आलं तर ते तसंच असायला हवं. पिकाला पाणी नाही आणि बुजवलेल्या खड्ड्यावर पाणी! त्या दिवशी मी फाटकासमोर बोलले. आता सांग, काय चुकलं?

पुढचं तुला माहीत नाही. निदान मला तसं वाटत होतं. पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी बाबांनी पुन्हा कुदळ काढली. काही जाहीर केलं नाही, तुला कळवलं नाही, मला नुसतं म्हणाले की एकदा खणलेली माती भुसभुशीत असते, तेवढा तरी सरकारचा उपयोग झाला. एका खांद्यावर खणत होते. या वेळी मी विचारलं नाही, दुसरं फावडं घेऊन उतरले. तुला हसू येईल, पण माझ्या हाताला फोड आले आणि मी आठवडाभर सभेत मूठ आवळून बोलू शकले नाही. दूधवाला रोज विचारायचा, ‘काका, आज खणायचा वार की बुजवायचा?’ आणि शेवटी तोही उतरला. प्लास्टिक नाही, कुंपण नाही. काठाला आईनं टाकळ्यासारखं कसलंसं झुडूप लावलंय, माती धरून ठेवायला. पाऊस चांगला झाला. तळं भरलं. वरच्या वाफ्यांत कोबी धरलाय, आणि आई संध्याकाळी कपबशी घेऊन काठावर जाते. तिला विचारलं, आता कसं आहे? म्हणाली, पाणी आहे.

आणि आता तुमची मंजुरी आली. साखरेच्या पाकासारखी भाषा, ‘कळविण्यास आनंद होतो’. मुख्य कार्यालयातली माणसं येऊन आधी सपाट जमीन बघणार, मग मशीन पाठवणार. तू लिहून दिलेली सपाट जमीन. तुझ्या सहीखालची. तिथे आज पाणी आहे, आणि पाण्यात आकाश दिसतंय. म्हणजे एकतर तू तेव्हा खोटं लिहिलंस, किंवा बाबांनी नंतर नियम मोडला. खरं तर दोन्ही. तुझी नोकरी धोक्यात आहे हे मला कळतं. मी दगड नाही. पण मी म्हटलं, भोगू दे. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवणाऱ्याला एकदा स्वतःचा परत आलेला बघू दे. हे मी आईसमोर म्हटलं आणि आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी ताट घेऊन बाहेर जाऊन जेवले.

आता हे पत्र का लिहिते ते सांगते. परवा तू बाबांना फोन केलास. तळं झाल्याचं तुला कुठून तरी कळलंच होतं. काय बोललास ते मला ठाऊक आहे, बाबांनी शब्दन् शब्द सांगितलं. बुजवा असं तू म्हणाला नाहीस. तू फक्त विचारलंस, ‘बाबा, आता काय करायचं?’ आणि गप्प राहिलास. आज सकाळी मी उताराला गेले तर तळं रिकामं करून पुन्हा बुजवायला ते काठ फोडत होते. पाणी रस्त्याकडेच्या चरात चाललं होतं. पाऊस आता संपलाय, धाकट्या. जे पाणी जाईल ते पुढच्या वर्षापर्यंत येणार नाही. आईनं फावडं पलंगाखाली लपवलं होतं, ते त्यांनी शोधून काढलं. मी होतं नव्हतं ते सगळं बोलले. हजारो माणसं ज्या आवाजाला उभी राहतात, त्या आवाजात बोलले, रडले, चरात आडवी उभी राहिले. ते थांबले, घाम पुसला आणि शांतपणे म्हणाले, ‘त्यानं लिहून दिलंय ना, जमीन सपाट आहे म्हणून? माझा मुलगा खोटं लिहीत नाही.’ आणि पुन्हा फावडं चालवायला लागले. एका खांद्यावर. मी चिखल टाकून ती फट तात्पुरती बुजवलीय, उद्या ते पुन्हा उघडतील. माझं ते ऐकणार नाहीत. पहिल्यांदा त्यांनी तुझ्या शब्दावर बुजवलं, आता तुझ्या शब्दासाठी बुजवतायत. त्यांना थांबवू शकेल असा या जगात एकच माणूस आहे, आणि तो माझा फोन उचलत नाही. म्हणून ये. तपासणीवाल्यांच्या आधी ये. काठावर उभा राहा आणि बाबांच्या तोंडावर सांग की तू खोटं लिहिलं होतंस. मग तेच तुझ्या साहेबांना लिहून दे. नोकरी गेली तर इथे वाफे आहेत, खोली आहे, आणि तुला टोमणे मारायला मी आहे. त्या दिवशी मात्र मी एक शब्द बोलणार नाही. तू बोल. गाडी परत फिरताना दूधवाला तुझ्या फाटकाशी थांबेल, त्याच्याबरोबरच ये. आणि ते चकचकीत बूट घालून येऊ नकोस, काठावर चिखल आहे.

रागावलेली, आणि तरीही तुझीच,
ताई