सहजबुवा गोळी घेतात

३ नोव्हेंबर, सोमवार
आज सकाळी पूजेआधीच मोबाईलवरून लेख पाठवून दिला. असं कधी केलं नव्हतं. डोकं रिकामं, पण रोजचं सदर, 'प्रभातबोध', वेळेवर जायलाच हवं. लिहिलं: औषधापेक्षा नाम मोठं. खाली नेहमीप्रमाणे 'सहजबुवा'. असा बुवा कुठेच नाही. नाव आमच्या कुकटपल्लीच्या ऑफिसने काढलं, लिहितो मी.
पूजेला उशीर. ब्लडप्रेशरची गोळी मात्र वेळेवर घेतली.

५ नोव्हें., बुधवार
ऑफिसात फोन. हिमायतनगरच्या निर्मलाबाई. यजमानांनी सोमवारपासून शुगरची गोळी सोडलीय. लेखाची प्रिंट काढून देवघरात लावलीय.
"बुवांना सांगा ना, गोळी घ्या म्हणून लिहा. डॉक्टरला नक्को म्हणतात, बुवांचं ऐकतील."
सांगतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

६ नोव्हें., गुरुवार
संपादक निखिल, पुण्याचा, माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणे, "काका, बुवांच्या नावाने औषधावर चार ओळी टाका. विषय संपला."
"बुवा नाहीतच, हे सांगून टाकलं तर?"
"वेडे आहात का? सगळ्यात जास्त वाचतात ते बुवांनाच."
चार ओळी लिहून लगेच पाठवल्या: औषध हाही देवाचाच प्रसाद. रात्री बायको, सुमन, म्हणाली, "चला बुवा, पानं घेतलीत." रोजची थट्टा. आज म्हटलं, बुवा म्हणू नकोस.

७ नोव्हें., शुक्रवार
पुन्हा निर्मलाबाई. यजमान म्हणतात, कालचा लेख म्हणजे बुवा भक्ताची परीक्षा बघतायत. गोळी नाहीच. सकाळी चक्कर येऊन न्हाणीत पडले.
आता काहीही लिहिलं तरी परीक्षाच.

८ नोव्हें., शनिवार
जपात मन नाही. माळ तशीच ठेवली.

९ नोव्हें., रविवार
हिमायतनगरला जाऊन आलो. यजमान कपाळाला पट्टी बांधून बसले होते. वाकून माझ्या पाया पडायला लागले, धरलं.
"बुवांनी पाठवलं ना तुम्हाला?"
हौ म्हटलं असतं तर गोळी तिथेच घेतली असती. जिभेवर आलंही होतं.
"बुवा नाहीत. मीच लिहितो. देगलूरकडचा, नोकरदार माणूस."
सकाळची माझी गोळी मुद्दाम राखली होती, ती त्यांच्यासमोर घेतली.
त्यांनी उठून देवघरातला कागद काढला, घडी करून माझ्या हातात दिला.
मी निघालो तेव्हा त्यांची गोळी टेबलावरच होती. निर्मलाबाई तांब्या घेऊन उभ्या.
खाली उतरून निखिलला फोन केला. उद्याच्या लेखाखाली माझं नाव घाल म्हणालो. "बघतो," म्हणाला.